गेमचा प्रकार कसा ठरवायचा: क्रियापदांपासून लेबलपर्यंत

गेमच्या कुठल्याही यादीत सर्वांत जास्त चुकणारा रकाना म्हणजे ‘प्रकार’. नाव बरोबर असतं, साल बरोबर असतं, आणि प्रकारात लिहिलेलं असतं ‘ॲक्शन, हॉरर, इंडी, मल्टिप्लेअर, ओपन वर्ल्ड’. यातला पहिला शब्द खेळाडू काय करतो ते सांगतो, दुसरा वातावरण कसं आहे ते, तिसरा गेम कोणी बनवला ते, चौथा किती जण खेळतात ते आणि पाचवा जग कसं रचलंय ते. पाच वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच रकान्यात कोंबली की तो रकाना शोधायला, तुलनेला, कशालाच उपयोगी पडत नाही.

चूक होते कारण आपण सिनेमाची सवय गेमला लावतो. सिनेमात भुतं दिसली की भयपट, अंतराळयान दिसलं की विज्ञानपट. गेममध्ये पडद्यावर काय दिसतं यावरून प्रकार ठरत नाही, खेळाडू काय करतो यावरून ठरतो. ‘स्टारक्राफ्ट’ (1998) आणि ‘डेड स्पेस’ (2008) या दोन्हींत अंतराळ आहे, चिलखतातली माणसं आहेत, अंगावर येणारे किळसवाणे जीव आहेत. पण एकात तुम्ही खाणकाम करून फौज उभी करता आणि दुसऱ्यात एकट्याने, मोजक्या गोळ्यांत जीव वाचवता. या दोन गेमना एका कप्प्यात टाकणारी यादी चुकीचीच म्हणायची.

पुढची पद्धत यादी बनवणाऱ्यांसाठी, परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी आणि स्वतःचा गेम स्टोअरवर चढवताना टॅग निवडणाऱ्यांसाठी आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका आधी लेबल ठरवून मग कारणं शोधल्यामुळेच होतात.

## तयारी: कागद आणि मधला अर्धा तास

एक कागद किंवा स्प्रेडशीट घ्या आणि त्यात हे रकाने आखा: क्रियापदं, कसोटी, वेळ, ताबा, कॅमेरा, वातावरण, रचना, खेळाडूंची संख्या. ‘प्रकार’ हा रकाना सगळ्यात शेवटी ठेवा आणि सध्या रिकामा राहू द्या. मोबीगेम्स किंवा आयजीडीबीसारखे मोठे डेटाबेसही प्रकार, कॅमेऱ्याचा दृष्टिकोन आणि विषय यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवतात. लहान यादीलाही ही शिस्त परवडते.

मग गेम खेळा, पण पहिल्या तासावरून निष्कर्ष काढू नका. सुरुवातीला ट्युटोरियल असतं, कथेची ओळख असते, बरीच कौशल्यं बंद असतात. नोंदींसाठी गेमच्या मधल्या भागातला सलग अर्धा तास घ्या. स्वतः खेळणं शक्य नसेल, तर काटछाट न केलेलं गेमप्ले रेकॉर्डिंग बघा.

सावधान: ट्रेलरवरून प्रकार कधीही ठरवू नका. ट्रेलर बनतो गेममधल्या सर्वांत देखण्या क्षणांचा, आणि प्रकार ठरतो सर्वांत जास्त वेळा घडणाऱ्या गोष्टींवरून.

## टप्पा 1: जे प्रकार नाहीच, ते आधी बाजूला काढा

हा टप्पा पटकन उरकतो. खाली दिलेली माहिती खरी असली, तरी प्रकाराच्या रकान्यात जाता कामा नये:

- मोबाइल, पीसी, कन्सोल: हे उपकरण झालं.
- फुकट खेळता येणारा, सबस्क्रिप्शनचा: हा व्यवहार झाला.
- इंडी (मोठ्या प्रकाशकाविना बनवलेला): हा निर्मात्याचा परिचय झाला.
- ईएसआरबी किंवा पेगीचं वयोगटाचं लेबल: हे वयाचं मानांकन झालं.
- झोंबी, मध्ययुग, सायबरपंक: हे वातावरण झालं.
- फर्स्ट पर्सन, थर्ड पर्सन, वरून दिसणारा: हा कॅमेरा झाला.

कॅमेऱ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या नावातच कॅमेरा आहे आणि त्यामुळे डोळ्यांच्या उंचीवरून दिसणारा प्रत्येक गेम शूटर वाटू लागतो. ‘पोर्टल’ (2007) याचं उत्तम उदाहरण. कॅमेरा शूटरचा आहे, हातात बंदुकीसारखं यंत्र आहे, मधेच गोळ्या झाडणारे टरेटही येतात. पण त्या यंत्रातून गोळी सुटत नाही, भिंतीवर दारं उघडतात. खोलीत उभं राहून ‘एक दार तिथे उघडलं, दुसरं इथे, तर या वेगाने मी पलीकडच्या कठड्यावर पोचेन का’ याचाच विचार करत बसावं लागतं. म्हणजे तो कोड्यांचा गेम झाला.

तपासा: ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ (2005) मध्ये कॅमेरा खांद्यामागे आहे आणि ‘रेसिडेंट ईव्हिल 7’ (2017) मध्ये थेट डोळ्यांत. तरी दोन्ही एकाच घराण्यातले हॉरर गेम आहेत. नुसता कॅमेरा बदलल्याने तुमच्या नोंदीतला प्रकार बदलत असेल, तर तुम्ही प्रकाराच्या जागी कॅमेरा लिहिला आहे.

## टप्पा 2: क्रियापदं लिहा

निवडलेला अर्धा तास बघताना खेळाडूच्या हातून काय घडतं ते क्रियापदांत लिहा. नामं आणि विशेषणं टाळा. ‘थरारक लढाई’ असं लिहिलं तर काहीच हाती लागत नाही. ‘नेम धरतो, आडोसा घेतो, गोळ्या भरतो’ असं लिहिलं की चित्र स्पष्ट होतं.

दर पाच मिनिटांनी थांबा आणि त्या पाच मिनिटांत सर्वाधिक वेळ खाल्लेली दोन क्रियापदं नोंदवा. अर्ध्या तासाच्या शेवटी बारा नोंदी होतील. त्यातली दोन-तीन पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. गेमचा कणा तिथेच असतो.

‘स्ले द स्पायर’ हा 2019 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला गेम घेऊन हे जवळून बघू. पडद्यावर तलवारवाला योद्धा आहे, समोर राक्षस आहे, दोघांच्या खाली जीवनरेषा आहे. फोटो बघणारा बिनदिक्कत आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची ताकद वाढवत नेण्याचा गेम) लिहून मोकळा होतो. आता प्रत्यक्षात काय घडतं? दर पाळीला हातात पाच पत्ते येतात आणि खर्चायला तीन ऊर्जा मिळते. शत्रू पुढे काय करणार, किती मार देणार, हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसतं. वार करायचा की ढाल धरायची हे त्यावरून ठरवायचं. लढाई जिंकली की तीन नव्या पत्त्यांतून एक निवडता येतो, किंवा एकही न घेता पुढे जाता येतं. हा शेवटचा पर्याय फार बोलका आहे. अनुभवी खेळाडू बऱ्याचदा बक्षीस नाकारतो, कारण फालतू पत्ता गठ्ठ्यात आला की चांगला पत्ता हातात यायला वेळ लागतो. नोंदवही म्हणते: ‘पत्ता खेळतो, पत्ता निवडतो, पत्ता नाकारतो, गठ्ठा लहान ठेवतो’. तलवार चालवणं हे क्रियापद यादीत कुठेच नाही. गेम गठ्ठा घडवण्याचा आहे, म्हणजे डेकबिल्डर.

नेहमीची चूक: कथेतली क्रियापदं लिहिणं. ‘नायक बहिणीला शोधतो’ हे कथेचं क्रियापद आहे. त्या शोधात खेळाडू उड्या मारतो, कोडी सोडवतो की संवादांचे पर्याय निवडतो, ते लिहायचं.

## टप्पा 3: हरल्यावर दोष कशाला जातो ते बघा

क्रियापदं सारखी असली तरी प्रकार वेगळे असू शकतात. तलवार फिरवणं डझनभर प्रकारांत येतं. तिथे हा प्रश्न कामी येतो: हरल्यावर खेळाडूच्या तोंडून आपसूक काय निघतं?

‘बोट उशिरा पडलं’ असं निघत असेल तर कसोटी हाताची आहे: ॲक्शन, शूटर, फायटिंग, प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जाण्याचा गेम) या बाजूला चला. ‘चाल चुकली’ म्हणत असेल तर स्ट्रॅटेजी. ‘उत्तर सुचलंच नाही’ तर कोडी. ‘आधीच सगळा पैसा उधळला, आता पगार द्यायला काही उरलं नाही’ तर मॅनेजमेंट. आणि ‘माझं कॅरॅक्टर अजून कच्चं आहे, चार लेव्हल वाढवून परत येतो’ असं म्हणत असेल, तरच आरपीजीचा विचार करा.

हे ‘तरच’ महत्त्वाचं आहे. आरपीजी हे लेबल आज सर्वांत सढळ हाताने वाटलं जातं. जादू, तलवार, गाव, राक्षस दिसले की लावलं. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: अ लिंक टू द पास्ट’ (1991) मध्ये हे सगळं आहे, पण शत्रू मारून अनुभवाचे गुण मिळत नाहीत आणि लेव्हल वाढत नाही. ताकद वाढते ती जगात दडवलेली साधनं आणि हृदयं शोधून, आणि अडथळे पार होतात ते कोणतं साधन कुठे वापरायचं हे ओळखून. तो ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे. ‘फायनल फँटसी 7’ (1997) मध्ये मात्र कॅरॅक्टरची आकडेवारी हाच पाया आहे, म्हणून तो आरपीजी.

उलट दिशेनेही फसगत होते. ‘कॉल ऑफ ड्यूटी 4’ (2007) च्या मल्टिप्लेअरमध्ये अनुभवाचे गुण आहेत, हुद्दा वाढतो, नवी हत्यारं उघडतात. पण सामना हरला तर दोष जातो नेमाला आणि जागा निवडण्याला. प्रगतीची पट्टी आज जवळजवळ सगळ्या प्रकारांत शिरली आहे. ती असली म्हणून आरपीजी होत नाही.

काही गेममध्ये हरणंच नसतं. ‘गॉन होम’ (2013) मध्ये रिकाम्या घरात फिरून वस्तू आणि चिठ्ठ्या वाचायच्या असतात, मरण वगैरे काही नाही. अशा वेळी प्रश्न फिरवा: पुढे जाण्यापासून खेळाडूला काय अडवतं? इथे अडवतं ते न सापडलेली गोष्ट. तेव्हा ‘कथनप्रधान शोध’ असं सरळ लिहा. अशा गेमना वॉकिंग सिम्युलेटर म्हणण्याचा प्रघात आहे. हे नाव आधी हिणवण्यासाठी वापरलं जात होतं, आता ते रुळलं आहे. शोधणाऱ्याच्या सोयीसाठी टॅगमध्ये ठेवायला हरकत नाही.

## टप्पा 4: वेळ आणि ताबा

आता दोन छोटे रकाने भरा. वेळ: गेम तुमच्यासाठी थांबतो की चालत राहतो? ताबा: तुमच्या हाताखाली एक जण आहे, चार-सहा जणांची तुकडी आहे, की अख्खं राज्य?

स्ट्रॅटेजीचे उपप्रकार या दोन उत्तरांतून जवळपास आपोआप पडतात. राज्य आणि थांबणारी वेळ असेल, शिवाय शोध, विस्तार, संसाधनं आणि संहार हे चारही असतील, तर फोरएक्स. ‘सिव्हिलायझेशन’ (1991) त्यातला. फौज आणि चालती वेळ म्हणजे आरटीएस (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी). लहान तुकडी आणि पाळीपाळीने चाल म्हणजे टर्न-बेस्ड टॅक्टिक्स, जसा ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ (2012). ‘वॉरक्राफ्ट 3’ (2002) हा आरटीएस. पण त्याच्याच मॉडमधून (खेळाडूंनी मूळ गेममध्ये बदल करून बनवलेल्या आवृत्तीतून) वाढलेल्या ‘डोटा’मध्ये फौज आपोआप चालते आणि खेळाडूकडे एकच हिरो असतो. वरून दिसणं तेच, पण ताबा बदलला आणि मोबा (मल्टिप्लेअर ऑनलाइन बॅटल अरेना) हा वेगळा प्रकार उभा राहिला.

## टप्पा 5: मुख्य प्रकार, एकच

आता शेवटचा रकाना उघडा आणि पहिल्यांदा मोठ्या कप्प्यातलं एकच नाव लिहा: ॲक्शन, शूटर, प्लॅटफॉर्मर, फायटिंग, ॲडव्हेंचर, आरपीजी, स्ट्रॅटेजी, सिम्युलेशन, मॅनेजमेंट, कोडी, स्पोर्ट्स, रेसिंग, ताल. यादी तुमच्या संग्रहानुसार थोडी कमी-जास्त करा, पण सुरुवातीलाच ठरवा आणि मध्येच नवा कप्पा उघडू नका.

दोन कप्पे अडगळीची खोली बनतात: ‘सिम्युलेशन’ आणि ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’. ज्याचं काय करायचं कळत नाही ते तिथे जाऊन पडतं. म्हणून त्यांच्यावर अट घाला. सिम्युलेशन तेव्हाच, जेव्हा एखादी यंत्रणा खऱ्यासारखी वागणं हाच गेमचा मुद्दा असेल. ॲक्शन-ॲडव्हेंचर तेव्हाच, जेव्हा हाताची कसोटी आणि साधनं-वाटा शोधणं या दोन्ही गोष्टी तुमच्या बारा नोंदींत ठळकपणे आल्या असतील.

सर्व्हायव्हल हॉररचा अपवाद इथेच समजून घ्या. हॉरर हे वातावरण आहे असं वर म्हटलं, मग हा प्रकार कसा? कारण नावातला वजनदार शब्द सर्व्हायव्हल आहे. गोळ्या मोजक्या, सामान ठेवायला जागा अपुरी, कुठल्या शत्रूला मारायचं आणि कुठल्याला टाळून पळायचं हा सततचा हिशेब. ही टंचाई खेळण्याची पद्धत बदलते. भरपूर गोळ्या हातात देऊन अंधार आणि किंकाळ्या ठेवल्या, तर तो हॉरर वातावरणाचा शूटर झाला.

## टप्पा 6: उपप्रकाराला अट लावा, मगच नाव द्या

उपप्रकारांची नावं बहुतेक एखाद्या गाजलेल्या गेमवरून पडलेली असतात, त्यामुळे ‘त्याच्यासारखं वाटतं’ एवढ्यावर ती लावली जातात. वाटण्यावर जाऊ नका, अट तपासा.

रोगलाइक. ‘रोग’ हा 1980 चा गेम. 2008 मध्ये बर्लिनला जमलेल्या रोगलाइक बनवणाऱ्यांनी लक्षणांची यादी केली: दर वेळी नव्याने तयार होणारं जग, मरण म्हणजे पुन्हा शून्यापासून, पाळीपाळीने चाल, चौकटींचं मैदान वगैरे. आज ही सगळी लक्षणं कोणी मागत नाही. पण पहिली दोन तरी हवीत. मेल्यावर कायमची काही कमाई शिल्लक राहत असेल, तर रोगलाइट लिहा. ‘हेडीस’ (2020) त्यात बसतो.

मेट्रॉइडव्हेनिया. नवं कौशल्य मिळाल्यामुळे जुन्या भागातली बंद वाट उघडते का, आणि त्यासाठी मागे जावं लागतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच. ‘हॉलो नाइट’ (2017) हो. ‘सेलेस्ट’ (2018) नाही. तो प्लॅटफॉर्मर आहे, आणि तेवढं लेबल त्याला पुरेसं आहे.

सोल्सलाइक. नुसता अवघड असून चालत नाही. मेल्यावर जमवलेली कमाई तिथेच पडते आणि परत जाऊन उचलायची एक संधी मिळते का? विश्रांती घेतली की मारलेले शत्रू पुन्हा उभे राहतात का? ‘कपहेड’ (2017) घाम फोडतो, पण यातलं काही त्यात नाही.

बॅटल रॉयल. शेवटी एकच उरणार ही रचना आहे, मुख्य प्रकार नाही. ‘पबजी’ (2017) मध्ये ती शूटरवर चढवली आहे. ‘टेट्रिस 99’ (2019) मध्ये 99 जण पडणारे ठोकळे रचत एकमेकांना बाद करतात. तिथे हीच रचना कोड्यावर चढली आहे. म्हणून ‘बॅटल रॉयल’ एवढंच लिहून थांबलात, तर नोंद अर्धवट राहते.

ओपन वर्ल्डचंही तसंच: रचनेच्या रकान्यात लिहा.

## टप्पा 7: मिश्र गेम, वगळून बघा

दोन प्रकार तुल्यबळ वाटले की लोक मधे जोडरेघ टाकून सुटतात. त्याआधी वगळून बघण्याची चाचणी करा. एकेक घटक मनातल्या मनात काढा आणि उरलेला गेम उभा राहतो का ते बघा.

‘रॉकेट लीग’ (2015): गाड्यांनी फुटबॉल. गाड्या काढून माणसं ठेवली, तरी दोन संघ, एक चेंडू, दोन गोल उरतात. चेंडू काढला, तर बंद मैदानात निरुद्देश फिरणाऱ्या गाड्या उरतात; शर्यतही नाही. तेव्हा स्पोर्ट्स. रेसिंग लिहिणाऱ्यांनी फक्त चाकं बघितलेली असतात.

‘क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर’ (2015) मध्ये तळघरात प्रत्येक पाऊल गाण्याच्या ठोक्यावर टाकावं लागतं. इथे चाचणी करायला कल्पनाशक्तीही लागत नाही, कारण गेममध्येच बार्ड नावाचं एक पात्र आहे ज्याला ठोका पाळायचं बंधन नाही. ते पात्र घेतलं की समोर साधा पाळीपाळीचा रोगलाइक उभा राहतो. चांगला, पण वेगळाच गेम. म्हणजे ताल काढला की गेम बदलतो. आणि तळघर काढलं, तर पावलं टाकायला जागाच उरत नाही. दोन्हींवाचून चालत नाही, तेव्हा ‘ताल + रोगलाइक’ असं बेधडक लिहा. जोडरेघ इथे कमावलेली आहे.

‘इनटू द ब्रीच’ (2018) बघा. आठ बाय आठ चौकटी, तीन यंत्रमानव, पाळीपाळीने चाल, म्हणून टॅक्टिक्स. पण शत्रू कुठे मारणार हे आधी दिसतं आणि नेम चुकण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे प्रत्येक पाळी कोड्यासारखी सोडवावी लागते. नोंद माझ्या मते अशी हवी: मुख्य प्रकार टर्न-बेस्ड टॅक्टिक्स, दुय्यम कोडी. कोडी हा मुख्य प्रकार मानणाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही, कारण कोड्याला लेखकाने ठरवलेलं उत्तर असतं आणि इथे कमीत कमी नुकसानीची चाल शोधायची असते.

मर्यादा: एक मुख्य, एक दुय्यम, एक रचना. चौथं लेबल सुचत असेल तर पहिल्या तिघांपैकी एक चुकलं आहे.

## टप्पा 8: नोंद पक्की करण्याआधी

तुमचं लेबल आणि क्रियापदं एवढंच, नाव झाकून, गेम खेळलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याने गेम ओळखला नाही तरी चालेल, पण ‘असं काही त्यात नव्हतं’ म्हणाला तर टप्पा 2 ला परत जा. मग त्याच लेबलाखाली तुमच्या यादीत आधीच असलेले दोन गेम घ्या. त्यातला एक आवडलेल्या माणसाला हा गेम तुम्ही निःशंकपणे सुचवाल का? सुचवताना ‘पण’ म्हणावं लागलं, तर त्या ‘पण’च्या पुढे जे येईल ते दुय्यम प्रकारात लिहायचं राहून गेलं आहे.

स्वतःचा गेम स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर टाकत असाल, तर टॅगचा क्रम हाच ठेवा: आधी उपप्रकार, मग मुख्य प्रकार, मग रचना, कॅमेरा, वातावरण. क्रमाला तिथे वजन आहे. ‘इंडी’ आणि ‘ॲक्शन’सारखे ढोबळ टॅग वर घातलेत, तर तुमचा गेम हजारो असंबंधित गेमच्या शेजारी जाऊन बसतो. आणि गर्दीचा म्हणून एखादा चलतीचा टॅग लावू नका. रोगलाइक समजून आलेल्या माणसाला रोगलाइक मिळाला नाही, तर तो पैसे परत मागतो आणि वाईट परीक्षण लिहितो. रागावायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

नोंदीवर तारीख किंवा आवृत्ती जरूर लिहा. ‘नो मॅन्स स्काय’ 2016 मध्ये आला तेव्हा त्यात तळ बांधता येत नव्हता. नंतरच्या अपडेटमध्ये बांधकाम आलं, खरं मल्टिप्लेअर आलं, आणि जुनी क्रियापदांची यादी तोकडी पडली. मालिकेतल्या गेमचंही लेबल मागच्या भागावरून उचलू नका, प्रत्येक भागाचा कागद वेगळा भरा. एका नावाखाली मुळातच दोन वेगळे गेम असतील, तर मोडनुसार वेगळ्या ओळी करा: ‘फोर्टनाइट’ची 2017 मधली सुरुवात मिळून किल्ले बांधून झोंबी थोपवण्याच्या ‘सेव्ह द वर्ल्ड’ने झाली आणि बॅटल रॉयल त्याच वर्षी काही आठवड्यांनी आलं. त्या दोघांची क्रियापदं वेगळी, कसोट्या वेगळ्या, म्हणून ओळीही दोन.